भाद्रपदात पॉलिश करू नये

जुन्या लाकडाला नवं रूप देता येतं अशी एकदा आपली ख्याती झाली की लोक आपल्याला लग्नाच्या पंगतीत गाठून सल्ला विचारतात. मी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी खुर्च्या, टेबलं, कपाटं दुरुस्त करते, त्यामुळे माझ्या हातांना कायम तारपिनचा, म्हणजे टर्पेंटाइनचा, वास असतो आणि माझ्याकडे सल्ल्यांची कमतरता नसते. ऐकणाऱ्यांची असते. "कुठलं पॉलिश चांगलं?" असं प्रत्येक जण विचारतो. मी विचारते, "कधी करणार?" मग समोरच्याला वाटतं, बाईला काही येत नाही, विषय टाळतेय.

पण दिल्लीत खरा प्रश्न तोच आहे. इथे लाकडाला हात लावायला वर्षात जेमतेम दोन मोके मिळतात. एक होळीनंतर, लूचे गरम वारे सुरू व्हायच्या आत. दुसरा पावसाळा सरल्यावर, दिवाळीचा धूर दाटायच्या आत. मे-जूनमध्ये केलंत तर संध्याकाळी धुळीची आंधी येते आणि ओल्या वार्निशवर अर्धा राजस्थान येऊन बसतो. कडाक्याच्या थंडीत काहीच वाळत नाही, आपण रजईत आणि वार्निश बाल्कनीत, दोघेही तसेच ओलसर पडून राहतो. आणि पावसाळ्यात, विशेषतः भाद्रपदात, चपडा लाखेचं पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं आणि तेलाचं वार्निश चिकट राहतं. भाद्रपदात लाकडाचं जे काही करायचं असेल ते मनात करावं.

हे मी माझ्या वडिलांनाही सांगितलं होतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झाले आणि आईला घेऊन द्वारकेच्या एका सोसायटीत राहायला गेले. आयुष्यभर त्यांनी दोनच कामं मनापासून केली, फाइलवर शेरे लिहिणं आणि चहा मागणं. घरातलं बाकी सगळं आईने केलं. ती गेली तेव्हा बाबांना गॅसचा सिलिंडर कुठल्या कोपऱ्यात असतो हे विचारावं लागलं. मी पलीकडच्याच सेक्टरमध्ये राहते, त्यामुळे येणं-जाणं होतं, पण बाबांचं घर एकदम गप्प झालं होतं. कुरियरवाला सोडला तर घंटी कोणी वाजवायचं नाही, आणि कुरियरवाल्याला ते बळेच पाणी पाजायचे, म्हणजे तो दोन मिनिटं तरी थांबेल.

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासून तो आमच्याच घरी. ओळखीची सगळी मराठी कुटुंबं, बाबांचे ऑफिसातले तमिळ नि बंगाली मित्र, शेजारचे पंजाबी, सगळे त्या दीड दिवसात येऊन जात. आई गेल्यावर पहिल्या वर्षी सण करायचे नव्हते, म्हणून गणपती आणला नाही. दुसऱ्या वर्षी श्रावणाच्या अखेरीस फरीदाबादहून काका-काकू आले. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, कारखान्यात फोरमन होता, हात लोखंडाचे आणि जीभही त्याच धातूची. काकूने चहाचा कप खाली ठेवला आणि मुद्द्याला हात घातला.

"भावोजी, यंदापासून गणपती आमच्याकडे आणू या ना. तुमच्याच्याने एकट्याने कुठे होणार? नैवेद्य, सोवळं, येणारे-जाणारे. ही लेक झाली, हिला तिचं घर आहे."

"मी मरायला टेकलोय का?" बाबा म्हणाले.

"तसं नाही दादा," काका म्हणाला, "पण प्रॅक्टिकली बघ ना यार. तुला साधी समई लावता येत नाही."

काकूच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरीही तिच्या कपात मीठ टाकावंसं वाटत होतं. कारण गणपती फरीदाबादला गेला असता तर त्याच्यामागोमाग सगळी माणसंही तिकडेच गेली असती. बाबांच्या वाट्याला उरला असता तो कुरियरवाला. बाबांनाही ते दिसत होतं. त्यांनी खुर्चीत ताठ बसून ऑफिसातल्यासारखा तोडगा काढला: यंदा गणपती इथेच बसेल, सगळं ते स्वतः करतील, आणि त्यात काही गडबड झाली तर पुढच्या वर्षीपासून तो फरीदाबादला जाईल, ते एक शब्द बोलणार नाहीत. काकाने हात पुढे केला. दोघांनी हात मिळवले, जणू दोन देशांमधला करार.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माळ्यावरून चौरंग काढला.

त्या चौरंगाला आमच्या घरात फार मान होता. वंशावळ मात्र अगदी साधी. बाबांची दिल्लीला बदली झाली तेव्हा सामान ज्या लाकडी खोक्यांतून आलं, ती खोकी तोडून आईने एका सुताराकडून तो करून घेतला होता. केंद्र सरकारच्या नोकरांच्या घरात निम्मं फर्निचर असंच जन्माला येतं. वरची फळी त्यातल्या त्यात बरी, सागवानाची. पाय देवदाराचे, आणि चारही पायांचं एकमत असं कधी झालंच नाही. त्यावर वर्षानुवर्षांचं तूप, पंचामृत, समईचं तेल आणि कुंकू जिरलं होतं. रंग कुठला म्हणावा कळत नव्हतं. बोट फिरवलं तर बोट घसरायचं.

"हा मी स्वतः पॉलिश करणार," बाबा म्हणाले. "तुझी काकू आली की आधी चौरंगच बघेल."

मी डोक्याला हात लावला. चतुर्थी तोंडावर आली होती आणि हवा अशी की पापड उघडा ठेवला तर त्याची पोळी व्हावी. मी म्हटलं, बाबा, नुसता स्वच्छ धुऊन घ्या, वर लाल कापड घाला, काम झालं. ते ऐकेनात. मग मी निदान रीत तरी सांगितली. ती इथे पुन्हा सांगते, कोणी तरी ऐकेल या आशेने.

तेलकट लाकडावर काहीही बसत नाही. आधी तेल काढायचं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालायचा, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि त्याने पुसायचं. लाकडाला आंघोळ घालायची नाही. लगेच कोरडं करून सावलीत, वाऱ्यावर ठेवायचं, कारण उन्हात ठेवलं की फळी वाकते. चांगलं वाळल्यावर जुना थर पात्याने खरवडायचा. मग घासायचं, आधी जाड, मग बारीक पॉलिशपेपरने. दिल्लीत दुकानात पॉलिशपेपर मागितलात तर दुकानदार तोंडाकडे बघेल, रेगमाल म्हणा. लाकडाच्या रेषा जिकडे धावतात तिकडेच हात धावला पाहिजे. आडवं घासलेलं त्या दिवशी दिसत नाही, पॉलिश चढवल्यावर मांजराने ओरबाडल्यासारखं वर येतं. भोकं, चिरा असतील तर त्यात लांबी, म्हणजे पुटी, भरायची, ती वाळू द्यायची, पुन्हा घासायची. धूळ पुसायची. मग वार्निशचा पातळ हात. पातळ म्हणजे इतका पातळ की आपल्याला वाटावं, ह्याने काय होणार. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा. वाळला का हे बघायला कोपऱ्यात नख दाबायचं. खूण उमटली तर थांबायचं. नाक लावायचं. वास आला तर थांबायचं. आणि कामाची तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप तापून पेट घेतात. ती पसरून वाळवायची आणि मगच टाकायची.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नोटेड," म्हणाले.

नोंद घेणं आणि अंमलबजावणी यांत सरकारात जेवढं अंतर असतं तेवढंच त्यांनी ठेवलं. सोड्याने धुण्याची पायरी त्यांनी गाळली, कारण त्यांच्या मते चौरंग पवित्र होता, घाण नव्हता. घासण्याचं काम मात्र इतक्या जोराने केलं की शेजारच्यांना वाटलं घरात फरशी बदलतायत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसं एक हात वाळायच्या आत दुसरा, दुसरा वाळायच्या आत तिसरा. मी त्या आठवड्यात ऑफिसच्या कामात अडकले होते. फोनवर विचारलं की एकच उत्तर यायचं, "प्रोग्रेस बिल्कुल समाधानकारक आहे."

मूर्ती आणायला आम्ही दोघं मेट्रोने करोल बागेत गेलो. शाडूची, वीतभर उंचीची, छान हसऱ्या डोळ्यांची मूर्ती मिळाली. मूर्तीच्या तोंडावर रुमाल घालून बाबांनी ती छातीशी धरली. परतताना स्टेशनवर तपासणीच्या यंत्रापाशी प्रश्न उभा राहिला, सामान पट्ट्यावर ठेवायचं असतं. बाबांनी जवानाला विचारलं, "भगवान का एक्स-रे करोगे?" जवानाने रुमाल जरासा वर करून बघितलं, दोन्ही हात जोडले आणि सोडून दिलं. डब्यात एका मुलीने उठून जागा दिली. बाबा बसले नाहीत. मूर्ती सीटवर ठेवली आणि द्वारकेपर्यंत स्वतः समोर उभे राहिले. किती तरी महिन्यांनी मी त्यांना खुशीत पाहत होते.

चतुर्थीला मी मोदकांचा डबा घेऊन पोचले तेव्हा प्राणप्रतिष्ठा उरकली होती. काका-काकू आले होते. चौरंग, खरं सांगते, आरशासारखा चमकत होता. बाबांनी त्यावर कापड घातलंच नव्हतं. एवढी मेहनत करून ती कापडाखाली झाकायची, हे त्यांना पटलं नव्हतं. फळीवर थेट अक्षता, अक्षतांवर मूर्ती. काकूने चौरंगाभोवती एक चक्कर मारली, आणि म्हणाली, "छान झालाय हो." बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मी नमस्काराला वाकले आणि नाकाने काम केलं. उदबत्ती, केवडा, कापूर, आणि त्या सगळ्यांच्या खालून पंजाबी लोणच्याचा वास.

बाबांना स्वयंपाकघरात ओढलं. "वार्निशमध्ये काय घातलंत?"

"घट्ट होतं गं. तारपिन संपलं होतं. थोडं सरसोंचं तेल घातलं, मालिशसाठी आणलेलं पडलं होतं. तू जवसाचं घालतेस ना? तेल ते तेल."

तेल ते तेल नसतं. जवसाचं तेल हवा लागली की हळूहळू घट्ट होऊन लाकडावर कवच धरतं, म्हणून ते लाकडाला चालतं. सरसोंचं म्हणजे मोहरीचं, किंवा खोबऱ्याचं, शेंगदाण्याचं तेल असं वाळत नाही. ते चिकट होतं, धूळ ओढतं आणि शेवटी खवट वास मारतं. त्यात खाली जुनं तूप आणि वर भाद्रपद. बाहेर येऊन मी चौरंगाच्या कडेला बोट लावलं. बोट आलं, पण जरा कुरकुरत आलं. बाबा म्हणाले, "ती चमक आहे." एकदा बसवलेली मूर्ती काही उचलून ठेवता येत नव्हती. मी मोदकांचा डबा उघडला.

बाकी तो दिवस झकास गेला. घंटी दिवसभर वाजत होती. बाबा दार उघडायला प्रत्येक वेळी स्वतः जात होते. समई त्यांनी लावली, पहिल्या काडीला नाही, पण लावली. माझे निम्मे मोदक वाफेत फुटले आणि कोणी त्याबद्दल ब्र काढला नाही. काकूसुद्धा नाही. मला वाटायला लागलं, जमलं बुवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरपूजा झाली. तिच्या शेवटी मूर्ती जागेवरून जराशी हलवायची असते. ती हलली की देव निघाला, मग विसर्जन. बाबांनी पोथी बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी मूर्ती अलगद धरली आणि सरकवली.

चौरंग सरकला.

बाबांनी पुन्हा, जरा जोर लावून सरकवली. चौरंग पुन्हा सरकला, करकर आवाज करत. गणपती त्यावर ठाण मांडून बसलेला. खालच्या अक्षता वार्निशमध्ये अर्ध्या रुतल्या होत्या आणि शाडूची बैठक फळीला घट्ट धरून बसली होती. काकाने फोरमनच्या नजरेने एकदा बघितलं आणि म्हणाला, "जोर लावू नकोस दादा, मूर्ती तुटेल." विसर्जनाआधी मूर्ती भंगणं म्हणजे काय, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

पहिल्या बोलल्या समोरच्या फ्लॅटमधल्या पंजाबी आंटी. "हाय रब्बा," त्या म्हणाल्या, "बप्पा का मन नहीं है जाने का!"

आणि हात जोडले. त्यांच्या मागच्या दोघींनीही जोडले. कोणी तरी फोन काढला. थोड्याच वेळात वरच्या-खालच्या मजल्यांवरून माणसं यायला लागली. कोणी नारळ आणला, कोणी फुलं, एकांनी आपल्या आजारी सासऱ्यांना आणलं. लिफ्टपाशी रांग लागली. सोसायटीचे सेक्रेटरी, जे एरवी पार्किंगच्या भांडणापलीकडे कशातही पडत नाहीत, दारात चपला काढून उभे. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. मोहरीच्या तेलाची एवढी पूजा आजवर कुठेच झाली नसेल.

मग माझी नजर काकूवर गेली आणि हसू थांबलं. काकूच्या डोळ्यांत पाणी होतं. ती बाबांसमोर आली आणि म्हणाली, "भावोजी, चुकले मी. त्याला इथून जायचंच नाहीये. तो मला सांगतोय. फरीदाबादचं नाव मी परत काढणार नाही."

म्हणजे बाबा जिंकले होते. त्यांना काही बोलायचीही गरज नव्हती. नुसते हात जोडून उभे राहिले असते तरी गणपती, माणसं, घंटी, सगळं जन्मभर त्यांचं झालं असतं. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. मनापासून खुणावलं. मला काडीची लाज वाटत नव्हती. देवाच्या नावावर या देशात याहून मोठमोठे घोटाळे पचलेत.

बाबांनी काकूकडे पाहिलं, फोन उगारलेल्या माणसांकडे पाहिलं. चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या फाइलींची मी आयुष्यभर टिंगल केली, पण खोट्या शेऱ्यावर त्यांनी कधी सही केली नव्हती, हेही खरंच.

"चमत्कार नहीं है," ते मोठ्याने म्हणाले. "पॉलिश गीली है. मैंने की है, और ग़लत की है. सरसों का तेल डाला था." मग काकूकडे वळून, हळू आवाजात, "तुझं खरं होतं. माझ्याच्याने नाही झालं. पुढच्या वर्षी घेऊन जा."

आंटींचा विश्वास बसला नाही, पण बाकीचे पांगले. सेक्रेटरींनी चपला घातल्या. काकूने पदराने डोळे टिपले. मला बाबांचा इतका राग आला होता आणि इतकं भरून आलं होतं की मी आरतीचं तबक उगाच पुसत राहिले.

"चल दादा," काका शेवटी म्हणाला. "चौरंगासकट नेऊ. दुसरा इलाज नाही."

दोघा भावांनी चौरंग दोन बाजूंनी धरला. विसर्जनासाठी पार्किंगमागच्या हिरवळीवर मोठा प्लॅस्टिकचा टब पाण्याने भरून ठेवला होता. गणपती सिंहासनासकट लिफ्टमधून खाली उतरला, असा थाट. आम्ही मागून झांजा वाजवत. टबाशी आरती झाली, दोघांनी चौरंग तीनदा पाण्याला टेकवला आणि तिसऱ्यांदा आत सोडला. हात मात्र काढता येईनात, कारण पाय असमान, सोडला असता तर मूर्ती कलंडली असती. दोघेही कोपरापर्यंत पाण्यात हात घालून वाकलेले.

"गणपती बाप्पा," बाबा म्हणाले.

"मोरया!"

"पुढच्या वर्षी..." आणि बाबा थांबले. पुढचे दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर येईनात. सोसायटीचा माळी, काकू, मी, सगळे त्यांच्याकडे बघत होतो. हात पाण्यात असल्यामुळे त्यांना तोंडही झाकता येत नव्हतं.

"पुढच्या वर्षी लवकर या!" काका ओरडला, कारखान्यातल्या मशिनच्या वर आवाज काढायची सवय असलेल्या गळ्याने. मग पाण्यातल्या मूर्तीकडे वाकून, रिक्षावाल्याला बजावावं तसं तिला बजावलं, "पत्ता हाच. फरीदाबादला जाऊ नका, आम्ही तिथे भेटणार नाही. आम्ही इथेच असू, दादाकडे."